वर्षभराचं बिऱ्हाड

गेल्या जुलैत, पालखी फलटणच्या विमानतळावरचा मुक्काम आटोपून पुढे गेल्याला महिना होत आला असेल, आमच्या नात्यातलं एक चौघांचं कुटुंब फलटणहून अमेरिकेला गेलं. बरोब्बर एका वर्षासाठी. निघायच्या आदल्या रात्री माजघरात आठ बॅगा उघड्या पडल्या होत्या. धाकट्या काकांनी शेतावरचा ताणकाटा आणून झोपाळ्याच्या कडीला टांगला होता आणि एकेक बॅग अडकवून ते आकडा मोठ्याने वाचत होते. "तेवीस किलो चारशे. चारशे ग्रॅम काढा." काढायचं काय, यावरून घरात दोन तट पडले. आजीने उन्हात बसून केलेला गोडा मसाला काढायचा, की पाचवीतल्या नातीची मराठीची पुस्तकं? मसाला राहिला, पुस्तकं निघाली.

ते दृश्य पुढे बरेच दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. या भागातून वर्ष-दोन वर्षांसाठी परदेशी जाणारी कुटुंबं आता नवलाईची राहिलेली नाहीत. फलटणजवळ कमिन्सचा मोठा औद्योगिक प्रकल्प आहे आणि त्या कंपनीचं मूळ गाव अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कोलंबस. सातारा-सांगलीची मुलं पुण्यातल्या संगणक कंपन्यांतून जर्मनीला, इंग्लंडला, आखातात जातात. कुणी संशोधनासाठी जातं, कुणी परिचारिका म्हणून. एकटा माणूस गेला तर दोन बॅगांत भागतं. कुटुंब जातं तेव्हा मात्र घर उचलावं लागतं, आणि एक वर्ष ही मुदत मोठी अवघड आहे. पाहुणा म्हणून ती फार, स्थायिक व्हायला थोडी. तिकडे संसार मांडावा लागतो आणि इकडचा मोडताही येत नाही.

अशा बऱ्याच तयाऱ्या जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. बॅगेत काय भरायचं याचा जेवढा खल होतो, त्याच्या चौथ्या हिश्शानेही कागदपत्रांचा आणि मागे राहणाऱ्या माणसांचा होत नाही. आणि वर्ष बिघडतं ते नेहमी या दोन गोष्टींमुळेच.

खरं तर बिऱ्हाड पाठीवर घेण्याची विद्या या मातीत जुनी आहे. फलटण, माण, खटाव हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथली मेंढपाळ धनगर कुटुंबं पावसाळा गावाकडे काढतात आणि दिवाळीच्या सुमाराला वाडा, म्हणजे मेंढरांसह सगळं बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडतात. कुणी पुणे जिल्ह्यात हिंडतं, कुणी घाट उतरून कोकणात जातं. परतायला उन्हाळ्याची अखेर होते. हा वाडा रस्त्याने जाताना पाहावा. घोड्याच्या पाठीवर भांडी, अंथरूण-पांघरूण, तंबूचं कापड, जाळीत कोंबड्या, लहानगी कोकरं आणि त्या सगळ्यावर बसवलेलं पोर. काय घ्यायचं आणि काय नाही हे घोड्याची पाठ ठरवते आणि भरण्याचं काम बाईचं. धान्याचा साठा फार नसतो, कारण ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची तो खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. जे तिकडे मिळणार आहे ते इथून न्यायचं नाही, हा नियम त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. आणि म्हातारी माणसं, शाळेतली पोरं पुष्कळदा गावीच राहतात. त्यांच्याकडे कोण बघणार हे आधी ठरतं, मग घोडा भरला जातो.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांचंही तेच. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही कुटुंबं देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली. दुकान परमुलखात, आई-वडील आणि शेत विट्याच्या आसपास, ही दुहेरी घडी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवली आहे.

समुद्र ओलांडून जाण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले. पुढे ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी निघाल्या, वय अवघं अठरा, नवरा बरोबर नाही. आपला पोशाख आणि आहार सोडणार नाही असं त्या सांगून गेल्या होत्या. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहू लागल्या, तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली आणि पाय झाकणारी गुजराती पद्धत घेतली. काय सोडायचं नाही आणि कुठे वाकायचं, याचा इतका स्वच्छ निकाल मला दुसरीकडे सापडलेला नाही.

आता कागदांकडे वळू. इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

आपल्या नावांची घडण परदेशी अर्जाच्या रकान्यांत बसत नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी आपली तीन पदरी रीत. पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र एका रकान्यात पडतं, आडनाव दुसऱ्यात. कुणाच्या पासपोर्टात मधलं नाव असतं, पदवीच्या कागदावर नसतं. बायकांचं तर विचारूच नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर दोन कागदांवर दोन वेगळ्याच बाया दिसतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाच त्यांना जोडणारा दुवा. महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा कायदा आहे, तरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे पत्रिका आणि फोटोंखेरीज काही नसतं. जोडीदाराच्या व्हिसाला पत्रिका चालत नाही.

मुलांच्या जन्माच्या दाखल्याची तऱ्हा आणखी निराळी. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. तेव्हा बाळ फलटणचं, पण नोंद तासगावला, जतला किंवा माळशिरसला. दाखला तिथूनच काढावा लागतो. आमच्या या कुटुंबातल्या धाकट्या मुलाचा दाखला काढला तर नावाचा रकाना कोरा. जन्मानंतर दवाखान्यातून नोंद गेली, बारसं नंतर झालं, आणि नाव चढवायला पुन्हा कुणी गेलंच नाही. हे कळलं मे महिन्यात. त्या कार्यालयात तीन खेपा झाल्या, एका खेपेला साहेब रजेवर, एका खेपेला यंत्रणा बंद. त्या दाखल्याशिवाय त्याचा पासपोर्टाचा अर्ज पुढे सरकत नव्हता आणि मुलाची आई रात्र-रात्र झोपत नव्हती. हा दाखला इंग्रजीतही असलेला घ्यावा. परक्या देशाने मागितला तर त्यावर ॲपोस्टिलचा शिक्का लागतो. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे आणि तो शिक्का परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो. सगळे देश तो मागत नाहीत, म्हणून आधी चौकशी आणि मग धावपळ.

आजी-आजोबा मध्येच दोन महिने भेटायला जाणार असतील तर त्यांचेही कागद याच वेळी बघावेत. जुन्या पिढीतल्या कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे ते पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली आणि जन्मभर तीच चिकटली. कागदोपत्री सगळीकडे तीच असेल तर अडचण नाही. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर खरी तारीख असेल तर मात्र खेटे चुकत नाहीत.

लसीकरणाचं कार्ड हाही कागदच समजावा. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही, कांजिण्यांचीही नाही. अमेरिकेतल्या शाळा प्रवेशाच्या वेळी गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची आणि कांजिण्यांची नोंद मागतात. बालरोगतज्ज्ञाला आधीच दाखवलं तर दोन डोसांमधलं अंतर राखून इथेच ते पुरं करता येतं. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक राहायला जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी लागते, आणि ती त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात आणि औषधाच्या मूळ रासायनिक नावानिशी न्यावीत. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनाही बंदी आहे, आखातात कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधावर माणूस अडकू शकतो.

आता बॅग. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक विमान कंपन्या माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा देतात. चौघांचं मिळून एकशे चौऱ्याऐंशी किलो झालं. युरोपला अनेकदा एकच बॅग मिळते. एकशे चौऱ्याऐंशी किलो म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल, आणि तरी ते पुरत नाही, कारण निम्मी जागा खाण्याला जाते. मी खाण्याच्या विरोधात नाही. परक्या ठिकाणच्या पहिल्या संध्याकाळी पिठलं-भात पोटात गेला की मूल रडायचं थांबतं, हे मी ऐकलेलं आहे आणि मला ते पटतं. पण काय न्यायचं हे आवडीआधी त्या देशाच्या नियमावर ठरायला हवं, आणि ते नियम देशागणिक वेगळे आहेत.

अमेरिकेत भारतातून सामानात तांदूळ नेता येत नाही. कारण आहे खापरा भुंगेरा, साठवणीच्या धान्याचा सर्वांत चिवट शत्रू. याच कारणाने हरभरा, सोयाबीन आणि करडईचं बीही नको. फलटणकरांना करडईचं वेगळं सांगायला नको, इथल्या निंबकरांच्या कृषी संशोधन संस्थेत त्या पिकावर किती वर्षं काम झालं आहे. ताजा कढीपत्ताही चालत नाही, लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्याबरोबर जाऊ शकतो म्हणून. दळलेले मसाले, कैरीचं लोणचं जातं, पण उतरल्यावर विचारतील तेव्हा खाद्यपदार्थ आहेत असं सरळ सांगावं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेल्या वस्तूला दंड होतो. मसाल्याचा डबा हातातल्या पिशवीत ठेवू नये, मोठ्या प्रमाणातल्या भुकटीवर अमेरिकेच्या विमानांत जास्तीची तपासणी असते.

युरोपीय संघात दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात चालत नाहीत. तूप गेलं, खवा गेला, आणि साताऱ्याचे कंदी पेढे, जे आपण जगातल्या प्रत्येक यजमानाला द्यायला निघतो, तेही त्याच नियमात अडकू शकतात. आखाती देशांत आणि सिंगापुरात खसखस नेणं हा गुन्हा धरला जातो. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापलेले असतात, काही घरच्या मसाल्यातही ती पडते. दुबईला निघालेल्या लेकीच्या डब्यात आईने मायेने अनारसे भरले, तर त्या मायेची किंमत लेकीला मोजावी लागेल. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याच विमानतळावर मोठ्या बॅगेतून काढतात, कारण खोबरं तेलकट असतं आणि पेट घेऊ शकतं. हीच खबरदारी पॉवर बँकेची, ती फक्त हातातल्या पिशवीत.

मिक्सर अमेरिकेला नेऊ नये. तिकडची वीज एकशे वीस व्होल्टची, आपली दोनशे तीस. नेहमीचा मिक्सर तिथे नुसता घुरघुरतो. न्यायचाच तर तिकडच्या विजेवर चालणारा मुद्दाम मागून घ्यावा. इंग्लंड-युरोपात वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिन बदलावी लागते. कुकर न्यावा, आणि त्याच्याबरोबर दोन जादा रबरी रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. एवढ्याशा वस्तूंनी वर्ष सुखाचं जातं. पोळपाट-लाटणं, तवा, सांडशी, मिसळणाचा डबा. कपड्यांबद्दल एवढंच की जाड कोट तिकडेच घ्यावा, आतले लोकरीचे कपडे इथून. बाकी वर्षात मुलांचे कपडे आखूड होतातच.

आता त्या पुस्तकांकडे येतो. पुस्तकं बॅगेतून निघाली याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. वाईट याचं वाटलं की ती वर्षभरात कुणी उघडायची, कधी आणि किती, यावर घरात अवाक्षर निघालं नव्हतं. मुलगी परत आल्यावर वर्ष वाया जाईल ही आईची भीती, तिचं बरंचसं उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि तिकडचं प्रगतिपत्रक जपून ठेवावं, आणि सहावीत बसायला आणखी काय लागेल ते शाळेत आधीच विचारून ठेवावं. वर्गात बसणं आणि वर्गाबरोबर चालणं यात मात्र फरक आहे. गणिताचं अंतर महिन्याभरात भरून निघतं. मराठी वाचायची सवय सुटली तर ती परत यायला फार वेळ लागतो, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे.

तिकडे आधार आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात, आणि त्यांच्या अभ्यासक्रमाशी भारती विद्यापीठ जोडलेलं आहे, म्हणजे आपल्याच कडेगाव तालुक्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी काढलेली संस्था. जायच्या आधी जवळची शाळा कुठे ते शोधावं, आणि नसेल तर आजोबांबरोबर आठवड्याला दोनदा फोनवर अर्धा तास वाचन, एवढं ठरवून जावं. आजोबांनाही त्याने वर्ष सुसह्य होतं. फलटणकरांनी तरी या बाबतीत हयगय करू नये. मॅक्सीन बर्नसन १९६६ साली अमेरिकेहून इथल्या बोलीच्या अभ्यासाला आल्या, मराठी होऊन इथेच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि मुलांना मायबोलीतून नीट शिकवणारं कमला निंबकर बालभवन उभं केलं. ज्या कमलाबाईंचं नाव त्या शाळेला आहे, त्याही मूळच्या अमेरिकन. त्या दोघींनी मराठी आपलीशी केली, आपल्या मुलांनी ती वर्षात विसरावी हे बरं नव्हे.

शेवटचा भाग मागे राहणाऱ्यांचा, आणि माझ्या लेखी सर्वांत वजनदार. घराला कुलूप लागणार असेल तर काम सोपं. टाकी रिकामी करायची, गॅस बंद करायचा, महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला कुणाला तरी किल्ली द्यायची. पण आपल्याकडे घराला कुलूप क्वचित लागतं. घरात आई-वडील असतात आणि त्यांचा सगळा व्यवहार मुलाच्या मोबाइलमधून चालत असतो. गॅसच्या टाकीचा नंबर लावला की टाकी घेताना सांगायचा कोड मुलाच्या फोनवर येतो, आणि मुलगा हजारो कोसांवर झोपलेला असतो. दारात टाकीवाला उभा, आत म्हातारी गोंधळलेली. जाण्याआधी एक दिवस काढून गॅस, वीजबिल, बँक, आधार सगळीकडे वडिलांचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा नंबर घालावा. वडिलांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्यांना कोण नेणार, ते नावानिशी ठरवावं. दुखणं आलं तर कोणत्या डॉक्टरांकडे, गाडी कुणाची, विम्याचं कार्ड कुठल्या कप्प्यात, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावं. स्वतःचं सिमही चालू ठेवावं लागतं, नव्वद दिवस न वापरलेला आणि शिल्लक नसलेला नंबर बंद होऊ शकतो, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्याच्यावर येतात. नोकरीसाठी जात असाल तर बँकेला कळवून बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं, तेही राहून जातं.

शेत असेल तर आणखी एक पदर. सातबारावर पीक लागायचं तर हंगामातच मोबाइलवरून ई-पीक पाहणी करावी लागते, तीही बांधावर उभं राहून. ती दुसऱ्याच्या मोबाइलवरूनही करता येते, पण त्या दुसऱ्याला आधी सांगायला हवं. पाहणी राहिली तर पीकविमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडतं. कर्जाचं नवं-जुनं करणं, कारखान्याकडे उसाची नोंद, यांसाठी सहीचा माणूस लागतो. मुखत्यारपत्र इथे असताना दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं हे एका दिवसाचं काम आहे. तिकडून तेच पाठवायचं झालं तर तिथली साक्षांकनाची प्रक्रिया, टपाल, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आधीची मात्र ठेवता येते. तेव्हा बांधालगतचा तुकडा घ्यायचं बोलणं चालू असेल तर ते जाण्याआधी मिटवावं.

आमच्या त्या कुटुंबाने निघायच्या आठवड्यात दीड एकर आडसाली ऊस लावला. आडसाली तोडायला यायला सोळा-अठरा महिने लागतात. ते वर्षाने परततील तेव्हा ऊस उभाच असेल. मुखत्यारपत्र झालं आहे, पाण्याची पाळी काका बघतात, आणि नात आता दर बुधवारी-रविवारी आजोबांना पाचवीचा धडा वाचून दाखवते. तुमच्या घरात कुणाचं जायचं ठरत असेल तर बॅगा नंतर आणा. आज रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांचे दाखले सतरंजीवर मांडा आणि नावं-तारखा जुळतात का ते एकदा वाचून बघा.